पुलोंग जहाज चालवतो

फिलिपिन्समधल्या सालिनास गावच्या मासळीबाजारात कुणालाही विचारलं, की मांग मेर्तोचा, म्हणजे मेर्तोकाकाचा, मुलगा काय करतो, तर एकच उत्तर यायचं. अमेरिकेचं लढाऊ जहाज चालवतो. मासे धुरावणाऱ्या बायकांना हे ठाऊक होतं, पाद्रीबाबांना ठाऊक होतं, मनिलाच्या बसच्या कंडक्टरलासुद्धा ठाऊक होतं. ही बातमी मुळात पसरवली ती पुलोंगच्या आईनं, आलिंग सेबियानं, म्हणजे सेबियाकाकूनं. पांढऱ्या गणवेशातला त्याचा पहिला फोटो घरी आला तेव्हा शेजारणीनं विचारलं, हा तिकडे करतो तरी काय? सेबियाला नक्की माहीत नव्हतं. पण फोटोत मागे जहाज होतं आणि पुढे तिचा लेक होता. तिनं आपल्या मनानं दोघांची सांगड घालून टाकली.

प्रत्यक्षात क्रिस्पुलो पुगाय, म्हणजे घरचा पुलोंग, त्या जहाजावर अधिकाऱ्यांना सूप वाढत होता.

त्याचा दोष नव्हता. ज्या वर्षी तो भरतीला गेला, त्या वर्षी नौदलाच्या तळाच्या फाटकाबाहेर पोरांची एवढी गर्दी होती की कुंपण वाकलं होतं. त्यातून निवडून निघणं म्हणजे लॉटरी लागण्यासारखंच. मात्र फिलिपिनो पोराला अमेरिकन नौदलात त्या काळी एकच दार उघडं होतं आणि ते मुदपाकखान्यात उघडायचं. पुलोंग त्या दारातून आत गेला. साहेबांचे सदरे इस्त्री करायचा, बुटांना पॉलिश लावायचा, वादळात हेलपाटणाऱ्या जहाजावर कॉफीचा थेंब न सांडता चार जिने चढायचा. त्यानं सॅन दिएगोजवळ नॅशनल सिटीत छोटं घर घेतलं, ट्यूना मासे डब्यात भरायच्या कारखान्यात काम करणाऱ्या फेलिसाशी लग्न केलं, मागच्या अंगणात शेवगा आणि कारली लावली. तक्रार करावी असं काही नव्हतं.

फक्त कॉफी घेऊन वरच्या खोलीत गेला, जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, की त्याचे पाय तिथून निघायचे नाहीत. चाकापाशी उभा असलेला खलाशी किंचित हात हलवायचा आणि समोरचं सगळं क्षितिज सरकायचं. पुलोंगचं बालपण उलांडीच्या, बाजूला तरंगता ओंडका बांधलेल्या होडीत गेलेलं. बाप सुकाणू धरायचा आणि हा त्याच्या पायाशी बसून पाण्याकडे बघायचा. कॉफी ठेवून झाल्यावरही तो कपबशी नीट लावल्याचं नाटक करत आणखी थोडा वेळ काढायचा. एकदा कप्तान म्हणाला, "पुगाय, त्या बशीला आता आणखी सरळ करता येणार नाही."

मग बाराएक वर्षांनी नियम बदलला. फिलिपिनो माणसाला नौदलातलं कुठलंही काम मागता येईल, असं जाहीर झालं. पुलोंगनं त्याच दिवशी अर्ज दिला.

त्याचा जुना सोबती तिबो, मुदपाकखान्याचा मुकादम, कांदा चिरायचा थांबला. तो म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? इथे तुझ्या हाताखाली चौघं आहेत. तिथे मिसरूड न फुटलेली पोरं तुला शिकवतील."

"शिकवू देत."

"आणि साहेबांना माझ्या हातची कॉफी प्यावी लागेल."

"त्यांचं नशीब," पुलोंग म्हणाला.

पोरांनी खरंच शिकवलं. त्यांच्यावर चीफ ओडेल होता, लाल मानेचा, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं पहिल्या दिवशी पुलोंगला दोन गोष्टी सांगितल्या. जहाज होडीसारखं लगेच ऐकत नाही, ते आधी विचार करतं. आणि चाकावरचा माणूस हुकूम ऐकला की तो मोठ्यांदा परत म्हणतो, म्हणजे चूक झालीच तर ती सगळ्यांना ऐकू येते.

पुलोंगनं मोठ्या कढईचं झाकण घराच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं. संध्याकाळी फेलिसा चुलीपाशी उभी राहून सुकाणू किती अंश वळवायचं त्याचे हुकूम सोडायची, "डावीकडे दहा!" तो झाकण फिरवून ओरडायचा, "डावीकडे दहा, सर!" शेजारच्या घरातून हसण्याचा आवाज यायचा. महिन्याभरात फेलिसाला सगळे हुकूम तोंडपाठ झाले आणि ती अवघड हुकूम एकावर एक द्यायला लागली. भात करपला तरी त्याची सुटका नसायची. वर्षभरात त्याला उघड्या समुद्रावर चाक धरायची परवानगी मिळाली. बंदरातून ये-जा करताना मात्र चाक डॅनफोर्डकडे असायचं, कारण अरुंद पाण्यात ओडेल दुसऱ्या कुणावर विसंबत नव्हता.

अशातच पुलोंगचे वडील आले.

पुलोंगनं बोलावणं आई-बाप दोघांना धाडलं होतं. आलिंग सेबियानं विमानात बसायला साफ नकार दिला. जी वस्तू पंख हलवत नाही ती उडते कशी, हे आधी कुणी समजावून सांगा, असं तिचं म्हणणं. म्हणून मांग मेर्तो एकटेच उतरले. सत्तरी ओलांडलेला, काटक, वेताची टोपी घातलेला म्हातारा. काखेतल्या पेटीतून धुरावलेल्या माशांचा वास सगळ्या विमानतळभर सुटला होता. लेकानं वाकून त्यांचा हात कपाळाला लावला. त्यांनी सुनेची चौकशी केली, हवा थंड आहे म्हणाले आणि गाडीत बसताच विचारलं, "तुझं जहाज कुठाय?"

पुलोंगनं गाडी सुरू केली. आईनं गावभर काय सांगितलंय ते त्याला माहीत होतं. आता सांगण्यासारखं खरं होतंही, पण ते अर्धंच. तो म्हणाला, "दाखवतो, ताताय. या शनिवारी."

कारण शनिवारी घरच्यांची सफर होती. वर्षातून एकदा खलाशांच्या कुटुंबांना जहाजावर घेऊन दिवसभर समुद्रात हिंडवून आणायचे. उघड्या समुद्रात तासभर चाक आपल्याकडे येईल, तेवढ्यात वडिलांना वर आणायचं, असा पुलोंगचा हिशेब होता. फेलिसानं दोन दिवस आधीपासून लुंपिया, म्हणजे सारण भरलेल्या सुरळ्या, वळायला घेतल्या. म्हाताऱ्यानं पेटीतून लग्नात घालायचा झिरझिरीत सदरा काढला आणि स्वतःच्या हातानं इस्त्री केला.

शनिवारी सकाळी धक्क्यावर जत्राच भरली होती. बायका, पोरं, आज्या, डबे, छत्र्या. जहाज दुसऱ्या महायुद्धातलं होतं आणि फिलिपिनो खलाशी त्याला लाडानं म्हातारी म्हणायचे. आज म्हातारीला पताका लावल्या होत्या. पुलोंग वडिलांना शिडीवरून चढवत होता, तेवढ्यात ओडेल गर्दीतून वाट काढत आला.

"डॅनफोर्ड कुठाय माहीत आहे?" त्यानं विचारलं.

पुलोंगला माहीत नव्हतं.

"इस्पितळात. बायकोच्या कळा पहाटे सुरू झाल्या." ओडेलनं मान खाजवली. "तू बाहेर काढ हिला."

पुलोंगला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं विचारलं, उघड्या समुद्रात ना? ओडेल म्हणाला, नाही, इथून. या धक्क्यावरून. मी तुझ्या मागे उभा असेन, पण मागेच.

फेलिसानं एवढंच ऐकलं आणि हातातला लुंपियाचा डबा शेजारच्या अनोळखी बाईच्या हातात कोंबला. नवऱ्याची कॉलर सरळ करत ती पुटपुटली, "झाकण समज."

"केवढं झाकण," तो म्हणाला. त्याचे तळहात ओले झाले होते.

वरच्या खोलीत चाक त्याच्या छातीएवढ्या उंचीवर होतं, पितळी, हातांनी घासून गुळगुळीत झालेलं. कप्तान एका बाजूला उंच खुर्चीवर बसला होता. हुकूम देणार होता लेफ्टनंट गॅरिटी, तरुण आणि शांत. खोलीच्या उघड्या दाराबाहेर, कठड्यापाशी, घरच्या मंडळींना उभं राहू दिलं होतं. पुलोंगनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर सगळ्यांच्या पुढे वेताची टोपी होती.

दोर सुटले. भोंगा असा वाजला की धक्क्यावरचे समुद्रपक्षी एकदम उडाले. पायाखाली म्हातारीची यंत्रं जागी झाली आणि ती थरथर तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढली.

"उजवीकडे पाच," गॅरिटी म्हणाला.

"उजवीकडे पाच, सर." आपला आवाज एवढा मोठा निघेल असं पुलोंगला वाटलं नव्हतं. त्यानं चाक वळवलं. आधी काहीच झालं नाही. मग समोरचं शहर, उंच इमारती, पाण्यावरच्या शिडाच्या होड्या, सगळं हळूहळू डावीकडे सरकायला लागलं. त्याच्या अंगावर काटा आला.

कोरोनाडोचा नवा निळा पूल जवळ आला. खालून गेले तेव्हा त्याच्या खांबांची सावली खोलीतून सर्रकन फिरली. बाहेरच्या पोरांनी वर बघून आरोळी ठोकली. हुकूम येत होते, तो परत म्हणत होता, चाक फिरवत होता, आणि हळूहळू त्याचे हात कोरडे झाले. हिचं विचार करणं त्याला कळायला लागलं होतं. ती वळायला लागायच्या आधी नाळ, म्हणजे पुढचं टोक, अगदी किंचित दबायची, त्याच्या बापाच्या होडीची दबायची तशीच, फक्त शंभर पट सावकाश.

बंदराचं तोंड दिसायला लागलं आणि तिथेच घोळ झाला. शनिवार असल्यानं पाण्यात हौशी लोकांच्या होड्या बुजबुजल्या होत्या. त्यातल्या एकीनं, पांढऱ्या शिडाच्या, म्हातारीच्या पुढून आडवं जायचं ठरवलं. अर्ध्या वाटेत तिचा वारा पडला. शीड लुळं पडलं आणि ती वाटेच्या उजव्या अंगाला तशीच तरंगत राहिली. तिच्यात एक जोडपं होतं. बाई उभी राहून दोन्ही हात हलवत होती. म्हातारीला जागच्या जागी थांबता येत नव्हतं.

यंत्रं मागे घ्यायचा हुकूम सुटला, भोंगा तुटक तुटक ओरडला. गॅरिटीचा आवाज चढला नाही, पण शब्द टणक झाले. "पूर्ण डावीकडे."

"पूर्ण डावीकडे, सर!" पुलोंगनं चाक हातावर हात टाकून फिरवलं. नाळ सुटली, शिडापासून दूर जायला लागली. पण नाळ डावीकडे गेली की शेपूट उजवीकडे येतं, त्या होडीच्याच दिशेनं. ओडेलचा श्वास त्याला मानेवर जाणवत होता. दाराबाहेर कुणीतरी किंचाळलं.

"पूर्ण उजवीकडे."

म्हणजे होडीच्याच दिशेनं. पुलोंगच्या मनानं क्षणभर नाही म्हटलं, पण हात वळले होते. "पूर्ण उजवीकडे, सर!" चाक गरगरलं. म्हातारीनं विचार केला. आणि मग तिनं आपलं लांबलचक शेपूट होडीपासून बाजूला ओढून घेतलं. पांढरं शीड उजव्या कठड्याखालून इतक्या जवळून गेलं की वरच्या लोकांना त्या बाईच्या टोपीवरची फुलं दिसली. होडी लाटांवर डुचमळत मागे राहिली. तिच्यातल्या माणसानं टोपी काढून हलवली.

"चाक मधे," गॅरिटी म्हणाला.

"चाक मधे, सर."

"ठीक," तो म्हणाला. नौदलात हा शब्द दिवसातून शंभरदा म्हणतात. पण या वेळी त्यानं तो म्हणताना पुलोंगकडे पाहिलं. ओडेलनं खिशातून रुमाल काढून स्वतःची लाल मान पुसली आणि म्हणाला की डॅनफोर्डची बायको आणखी पोरं जन्माला घालायला मोकळी आहे.

मग समुद्र उघडला. मोठ्या निळ्या लाटा, वारा, खारट शिंतोडे. बायकांनी डबे उघडले. पुलोंगला आता हसू आवरत नव्हतं. त्याला गाणं म्हणावंसं वाटत होतं, तिबोला बोलावून दाखवावंसं वाटत होतं. पण चाक सोडता येत नव्हतं, म्हणून तो नुसताच उभ्या उभ्या टाचा हलवत राहिला. कप्तानानं घरच्या मंडळींना एकेक करून आत घेतलं आणि ज्याला चाकाला हात लावायचाय त्यानं लावावा म्हणून सांगितलं. पोरांनी लावला, एका आजीनं लावला. मग वेताची टोपी पुढे आली.

कप्तानानं पुलोंगला विचारलं, तुझे वडील कधी समुद्रावर गेलेत का? पुलोंग म्हणाला की ते कधी समुद्रावरून परत आलेत का, असं आई विचारते. कप्तान मोठ्यांदा हसला आणि म्हाताऱ्याला चाक द्यायला सांगितलं.

मांग मेर्तोंनी टोपी सुनेकडे दिली. चाकाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे लग्नाच्या सदऱ्याला पुसले. पुलोंग बाजूला उभा राहून हुकूम आपल्या भाषेत सांगू लागला. डावीकडे पाच. म्हाताऱ्यानं चाक वळवलं, जहाज हललं नाही, त्यांनी आणखी वळवलं, तरी हललं नाही, मग रागानं आणखी वळवलं. तेव्हा म्हातारीला जाग आली आणि ती अशी झुकली की बाहेरची सगळी मंडळी कठड्याला जाऊन टेकली. म्हाताऱ्यानं घाईनं उलटं फिरवलं. मागे पाण्यावर जहाजाची पांढरी वाट नागमोडी होत गेली.

भिंतीवरचा फोन वाजला. खालून मुदपाकखान्यातून तिबो बोलत होता, आणि तो आपल्या बातांगास प्रांतातल्या अस्सल शिव्यांपासूनच सुरू झाला. सगळ्या बशा जमिनीवर आहेत, वरती चाकावर कुठलं गाढव उभं आहे?

"माझे वडील," पुलोंग म्हणाला.

पलीकडे एक बशी उचलून ठेवल्याचा आवाज आला. मग तिबो म्हणाला, "त्यांना माझा नमस्कार सांग. आणि म्हणावं, सावकाश."

हळूहळू म्हाताऱ्याला ते कळलं. हात थांबले. त्यांनी पाय जरा फाकवून रोवले, डोळे बारीक केले, आणि मागची पांढरी वाट सरळ झाली. गॅरिटीनं होकायंत्राकडे पाहून भुवया उंचावल्या. फेलिसानं टोपी छातीशी धरली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात ती तिच्याही नकळत पुटपुटली, "उजवीकडे दहा," आणि गॅरिटीनं वळून पाहिल्यावर तोंडावर हात ठेवला.

पाळी संपल्यावर चाक दुसऱ्या खलाशाकडे गेलं आणि बाप-लेक दाराबाहेर कठड्यापाशी उभे राहिले. म्हातारा धापा टाकत होता, पण चेहरा पोरासारखा झाला होता. ते म्हणाले, "तू त्या होडीकडे चाक फिरवलंस ना, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. मग कळलं, शेपूट ओढून घेतलंस."

"हुकूम त्या साहेबाचा होता."

"हात तुझे होते."

पुलोंगला राहवलं नाही. तो म्हणाला, "ताताय, एक सांगायचंय. हे काम मी वर्षभरच करतोय. त्याआधी..."

"त्याआधी सूप वाढत होतास," मांग मेर्तो म्हणाले. "मला माहीत आहे. आपल्या गावातल्या पेद्रितोचा पोरगा तुझ्याच बंदरात होता, तो सुट्टीवर आला तेव्हा बोलला."

"मग आईला सांगितलं नाहीत?"

"तोवर तिनं तुझं जहाज जपानपर्यंत नेलं होतं. तिला कोण अडवणार?" म्हाताऱ्यानं वाऱ्यावर थुंकी टाकली. "सूप वाढून तू बहिणीला शाळेत घातलंस, मला त्यात लाज वाटण्यासारखं काय होतं? आता खरी पंचाईत आहे ती माझी. मी परत जाऊन सांगणार, पुलोंग जहाज चालवतो. लोक म्हणणार, मग त्यात नवीन काय?"

पुलोंग हसायला लागला. हसता हसता त्याला कठड्याला धरावं लागलं. म्हातारा आधी गंभीर राहिला, मग त्यालाही आवरेना. दोघं इतके हसले की फेलिसा काय झालं म्हणून बघायला आली, आणि तिला सांगायला जावं तर कुणालाच बोलता येईना.

संध्याकाळी परततानाही चाक पुलोंगकडेच होतं. धक्क्यावर बातमी वाट बघत होती, डॅनफोर्डला मुलगी झाली होती. ओडेलनं ती लाऊडस्पीकरवर सांगितली आणि सगळ्या जहाजानं टाळ्या वाजवल्या. त्या रात्री नॅशनल सिटीतल्या घरात अंगणापर्यंत माणसं होती. तिबोनं उरलेल्या बशा आणून मांग मेर्तोंपुढे मांडल्या आणि म्हणाला, ह्या तुमच्या तावडीतून वाचलेल्या.

मंगळवारी म्हातारी पुन्हा निघाली, या वेळी कामावर. डॅनफोर्ड अजून सुट्टीवर होता. पुलोंगनं सकाळी वडिलांना बजावून सांगितलं होतं, बंदराच्या तोंडाशी लोक गळ टाकून बसतात तो लाकडी धक्का आहे, तिथे बसा, आम्ही तुमच्या समोरून जाऊ. मांग मेर्तोंनी बसचा रस्ता विचारून घेतला होता आणि शेजाऱ्याकडून गळ मागून आणला होता.

धक्का जवळ आला तशी पुलोंगची मान ताठ झाली. त्याला बघता येत नव्हतं, नजर पुढेच ठेवायची होती. ओडेलनं दुर्बीण डोळ्यांना लावली.

"वेताची टोपी?" त्यानं विचारलं.

"हो, चीफ. बघतायत का?"

ओडेल थोडा वेळ बघत राहिला. "पाठ आहे इकडे. दोघं-तिघं त्यांच्याभोवती उभे आहेत. गळाची काठी पार वाकलीय. काहीतरी मोठं लागलंय, पुगाय, म्हातारा उड्या मारतोय."

"वर आलं का?"

"अजून नाही. दम धर. ओढतायत."

"उजवीकडे पाच," गॅरिटी म्हणाला.

"उजवीकडे पाच, सर," पुलोंग म्हणाला आणि चाक वळवलं. "चीफ, आलं का वर?"